रांग सर्वांना सारखी

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात दत्ताराम परबांना चेहऱ्याने न ओळखणारे पुष्कळ असतील, पण त्यांचं अक्षर न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. नाक्यावर पक्षाच्या कार्यालयाबाहेर जो काळा फळा आहे, त्यावर चौतीस वर्षं तेच लिहीत आले होते. कारखान्यात लेथवर होते तेव्हा पहिल्या पाळीला जाण्याआधी, आणि निवृत्त झाल्यावर दूध आणायला निघाले की. पाणी कधी येणार, कोण वारलं, कोणाची मुलगी बोर्डात आली, रक्तदान कुठे आहे. आणि अधूनमधून विरोधकांना असा टोला, की बसची वाट बघणारी माणसं आलेली बस सोडून तो वाचत उभी राहायची.

सर्वांत गाजला तो बारा वर्षांपूर्वीचा. तेव्हा नीलम कारखानीस नगरसेविका होत्या, दुसऱ्या पक्षाच्या. शाळेत शिकवणाऱ्या, सुती साडीतल्या साध्या बाई. त्यांच्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. वॉर्डात एका ट्रस्टचं डायलिसिस केंद्र होतं. मशीन नऊ आणि वाट बघणारी नावं साठ-सत्तर. बाईंनी एक फोन केला आणि नवऱ्याचं नाव वर घेतलं. ही गोष्ट कानावर आली तेव्हा दत्तारामांनी ना केंद्रात जाऊन विचारलं, ना बाईंना. दुसऱ्या दिवशी फळ्यावर एवढंच होतं : 'रांग सर्वांना सारखी. नगरसेविकेच्या नवऱ्यालासुद्धा.'

त्या दोन ओळींनी वॉर्ड पेटला. मोर्चा निघाला, दत्ताराम पुढे होते. बाई पुढची निवडणूक हरल्या आणि राजकारणातूनच उठल्या. मधुकर टिपणीस म्हणून बाईंच्या पक्षाचा एक जुना माणूस होता, दत्तारामांचा रोजचा चहाचा सोबती. तो नाक्यावरच्या हॉटेलात कळवळून म्हणाला होता, "अरे, नवरा आहे तिचा. दगड आहे का ती?"

"रांगेत होते तेही कोणाचे तरी नवरेच होते," दत्ताराम म्हणाले होते. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की पुढे कित्येक दिवस ते येईल त्याला ऐकवत राहिले.

दत्तारामांना एकच धाकटी बहीण, सुगंधा. दोन बिल्डिंगी सोडून राहायची. नवरा लवकर गेलेला, मुलगी मानसी घाटकोपरला एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. सुगंधाला साखरेने पोखरलं आणि दोन वर्षांपूर्वी तिच्यावरही डायलिसिसची पाळी आली. वॉर्डातल्या केंद्रात नाव घातलं, पण नंबर लागेपर्यंत कुर्ल्याला जावं लागायचं. आठवड्यातून तीनदा. जाताना रिक्षात ती बोलत असायची, येताना डोळे मिटून दांडीला धरून बसायची. घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत माणसात नसायची.

चौदा महिन्यांनी केंद्रातल्या वसुधा सिस्टरांचा फोन आला, एक जागा सुटतेय, सोमवारपासून या. सुगंधाने त्या दिवशी खोबऱ्याच्या वड्या केल्या, सिस्टरांना द्यायला.

रविवारी पुन्हा फोन आला, की तूर्त येऊ नका. दत्ताराम एकटेच केंद्रात गेले. सिस्टरांनी मान वर न करता सांगितलं, "वरून फोन आला होता, काका. तुमच्याच निलेश साहेबांचा. त्यांचे सासरे आहेत."

निलेश या वर्षीच पहिल्यांदा नगरसेवक झाला होता. सतरा वर्षांचा असताना खळीची बादली घेऊन पोस्टर चिकटवायला आलेला हा पोरगा दत्तारामांनीच घडवला. त्याच्या विजयाच्या मिरवणुकीत गुडघे दुखत असतानाही ते शेवटपर्यंत चालले होते. ते कार्यालयात गेले तेव्हा निलेशने बाकीच्यांना बाहेर काढलं, स्वतः पाणी दिलं.

"काका, तुमच्याशी खोटं नाही बोलणार. मी केला फोन. सासरे खाजगीत जायला तयार नाहीत, तिथे त्यांच्या बाजूच्या बेडवरचा माणूस गेला तेव्हापासून घाबरलेत. बायको रोज रडते. पुढची जागा सुटली की सुगंधाआत्या पहिली. पंधरा दिवस धरा फार तर."

दत्ताराम जिना उतरले तेव्हा त्यांच्या छातीवर दगड होता. पण रस्ता ओलांडून बिल्डिंगपाशी येईपर्यंत तो निम्मा हलका झालेला होता. पोराने लपवलं तर नाही. त्या बाईंनी सत्तेच्या माजाने केलं होतं, हा अडचणीत सापडलाय. लोकांसाठी मध्यरात्री ॲम्ब्युलन्स घेऊन धावणारा पोरगा, त्याने घरच्या माणसासाठी एक फोन केला तर काय आभाळ कोसळलं? आणि पंधरा दिवस काय, हा हा म्हणता जातील.

प्रश्न मानसीचा होता. ती तोंडाची फटकळ. तिला कळलं असतं तर तिने ते चार ठिकाणी टाकलं असतं, आणि मधुकरच्या लोकांच्या हातात आयतं कोलीत मिळालं असतं. सुगंधा दारातच उभी होती.

"दादा, काय म्हणाली रे सिस्टर?"

"मशीन बिघडला हा गो," दत्ताराम चपला काढता काढता म्हणाले. "म्हयनोभर तरी लागात."

"मगे काय, कुर्लो आसाच," ती म्हणाली, आणि वड्यांचा डबा मांडणीवर ठेवून दिला.

अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. आठवड्याभरात वॉर्डात कुजबुज सुरू झाली, की नगरसेवकाच्या सासऱ्याला मागच्या दाराने घेतलं. कोणाची जागा गेली ते केंद्राबाहेर कोणाला माहीत नव्हतं. मधुकर हॉटेलात टेबलावर बोट आपटून म्हणाला, "राजीनामा दिला पाहिजे. माणसांच्या जिवाशी खेळ आहे हा."

"पुरावा आहे?" दत्तारामांनी विचारलं.

"सगळा वॉर्ड बोलतोय."

"वॉर्ड काय, काहीही बोलतो. डॉक्टरांनी म्हाताऱ्याची तब्येत बघून ठरवलं असेल. आणि मधुकर, बारा वर्षांपूर्वी तू काय म्हणाला होतास? 'दगड आहे का ती?' मग निलेशच तेवढा दगड होय?"

हॉटेलातली माणसं हसली. मधुकरचा चेहरा उतरला. तरी तो म्हणाला, "आणि तू काय म्हणाला होतास तेव्हा?"

"ती गोष्ट वेगळी," दत्ताराम म्हणाले आणि उठले. आपण जिंकलो असं त्यांना वाटलं. घरी जाताना ते दोनदा स्वतःशी हसलेही.

तीन आठवडे झाले. सुगंधाचे पाय सुजायला लागले होते. पावसामुळे कुर्ल्याच्या रस्त्याला खड्डेच खड्डे, रिक्षात एकेक हिसका बसला की ती ओठ दाबून धरायची. दत्ताराम पुन्हा निलेशकडे गेले. त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं; टीव्हीवाल्यांचा फोन येऊन गेला होता.

"काका, मी आजच हलवलं असतं. पण आता हलवलं तर कबूल केल्यासारखं होईल. विरोधक टपून बसलेत. हे जरा थंड होऊ दे."

दत्तारामांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं. पुढे सगळं घडून गेल्यावर त्यांना सर्वांत जास्त खुपलं ते हेच, की त्या दिवशी ते त्यांना खरोखरच पटलं होतं.

त्यानंतरच्या शनिवारी रिक्षा खाली उभी होती आणि सुगंधा पलंगावरून उठेना. मानसी कामावर गेली होती.

"आज नको रे, दादा. अंगात त्राण नाय. सोमवारी जाऊया."

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, एकही पाळी चुकवायची नाही. एरवी दत्तारामांनी तिला दामटून नेलं असतं. पण त्या दिवशी चार वाजता निलेशच्या पाठिंब्याची सभा होती आणि कुर्ल्याहून परत येईपर्यंत पाच वाजले असते. त्यांनी रिक्षा परत पाठवली. सभेत ते बोललेही; आमच्या पोराच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणाऱ्यांनी आधी आरशात बघावं, असं म्हणाले आणि टाळ्या घेतल्या.

सोमवारी सकाळी मानसीचा फोन आला तेव्हा सुगंधाला श्वास घेता येत नव्हता. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. रुग्णालयात नेलं, सकाळी अकरा वाजता ती गेली. एकसष्ट वर्षांची होती.

निलेश धावत आला. त्याने खांदा दिला, टागोर नगरच्या स्मशानापर्यंत अनवाणी चालला, आणि तिथे दत्तारामांच्या गळ्यात पडून रडला. ते रडणं खोटं नव्हतं, एवढं माणूस ओळखायची अक्कल दत्तारामांना होती. त्यामुळे त्यांना आणखीच काही सुचेना.

नवव्या दिवशी दुपारी सुगंधाच्या दारात एक बाई उभी राहिली. केस पूर्ण पिकलेले, हातात कापडी पिशवी. दत्तारामांना ओळखायला क्षणभर वेळ लागला. नीलम कारखानीस. बारा वर्षांत एकाच वॉर्डात राहून ते एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

त्या सुगंधाच्या फोटोसमोर बसल्या. मानसीने पाणी आणून दिलं.

"कुर्ल्याला माझी एक मैत्रीण असते डायलिसिसला," त्या म्हणाल्या. "तिच्याकडून कळलं. सुगंधाताई तिला कोकणातल्या गोष्टी सांगायच्या, वेळ जावा म्हणून."

 दत्ताराम म्हणाले, "बाई, मी तेव्हा तुमच्यावर जे लिहिलं..."

"ते खरंच होतं." बाईंचा आवाज चढला नाही. "तुमचा फळा वाचला आणि तिसऱ्या दिवशी मी ह्यांना परत रांगेत पाठवलं. मोर्चा त्याच्यानंतर निघाला, पण ते जाऊ द्या. सात महिने आम्ही मुलुंडला जात होतो. मग नंबर लागला. नंतर चार वर्षं होते. तुमचा राग यायचा, नाही असं नाही. पण ह्यांना मी म्हणायची, माणूस कडू आहे, तरी सरळ आहे. उद्या त्यांच्या माणसाने असं केलं तर त्याच्यावरही लिहील. गेला महिनाभर मी मुद्दाम नाक्यावरून बस पकडत होते. फळा वाचायला."



"कोणाच्या माणसाने काय केलं?" मानसीने विचारलं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिला माहीत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, पण आता मागे फिरता येणार नव्हतं. "निलेशच्या सासऱ्यांना जी जागा दिली, ती तुझ्या आईची होती, बाळा. यादीत त्याच पहिल्या होत्या. केंद्रात सगळ्यांना ठाऊक आहे."

"पण मशीन बिघडलं होतं ना?" मानसी मामाकडे वळली. "मामा, तूच आलास ना सांगत?"

त्या घटकेला खरं सांगता आलं असतं. समोर बहिणीचा फोटो होता, तिच्यासाठी ठेवलेला भात अजून ताटात होता. पण दत्तारामांच्या तोंडून निघालं ते असं : "केंद्रातनं मला तसंच सांगितलं."

मानसीने रडणं थांबवलं आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार लिहायला घेतली.

दत्तारामांनी त्या सकाळी फळा ओल्या फडक्याने पुसला. खडू हातात घेऊन पुष्कळ वेळ उभे राहिले. मग लिहिलं : 'रांग सर्वांना सारखी. नगरसेवकाच्या सासऱ्यालासुद्धा. रांगेतली पहिली बाई, सुगंधा, गेल्या सोमवारच्या आधल्या सोमवारी वारली.'

दहा वाजेपर्यंत फळा पुसलेला होता. दुपारी दोन पोरं घरी येऊन कार्यालयाची किल्ली घेऊन गेली, त्यांची नजर वर होत नव्हती. संध्याकाळी फळ्यावर निलेशच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, वाढदिवसाला अजून महिना होता तरी. ज्यांच्या लग्नात दत्तारामांनी पंगती वाढल्या होत्या ती माणसं म्हणायला लागली, म्हातारा विकला गेला. कोणी म्हणालं, बहीण गेल्याने डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या. पुरावा काय, असंही बऱ्याच जणांनी विचारलं. त्या शब्दाचा दत्तारामांना राग येईना. त्यांनीच तो त्यांना पुरवला होता.

आणि मधुकर आला, चार माणसं आणि शाल घेऊन. "दत्ताराम, मानलं तुला. रविवारी आमच्या सभेत ये. दोन शब्द बोल फक्त."

"नीलमबाईंना बोलावलंयस सभेत?"

"त्यांना कशाला मध्ये? जुनं उकरून काढायचं का? ती गोष्ट वेगळी रे."

दत्तारामांनी शाल घडी घालून त्याच्या हातात परत दिली. दार लावलं तरी बाहेर ती माणसं बराच वेळ आपसात बोलत होती.

महिन्याभराने वॉर्ड ऑफिसात चौकशी लागली. तोपर्यंत एक गोष्ट घडून गेली होती. मानसीच्या तक्रारीत पहिलंच वाक्य होतं, की केंद्रप्रमुख वसुधा सिस्टर यांनी मशीन बिघडल्याचं खोटं सांगून माझ्या आईला फसवलं. ट्रस्टला तेवढंच हवं होतं. त्यांनी सिस्टरांना घरी बसवलं, म्हणजे फोन करणारा बाजूला राहिला आणि फोन घेणारी सापडली. निलेशची माणसंही आता हेच बोलत होती : साहेबांचा काही संबंध नाही, सगळा सिस्टरांचा कारभार.

चौकशी अधिकारी संघमित्रा गमरे नावाच्या बाई होत्या. चष्मा कपाळावर ढकलून त्या शांतपणे एकेकाला प्रश्न विचारत होत्या. भिंतीकडेच्या बाकावर वसुधा सिस्टर बसल्या होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. त्या कोणाकडे बघत नव्हत्या. मानसी दत्तारामांच्या शेजारी होती. तिने मामासाठी पाण्याची बाटली आणली होती, झाकण सैल करून ठेवली होती.

"परब, तुम्ही अठ्ठावीस जूनला केंद्रात गेलात. तिथे तुम्हाला काय सांगितलं गेलं?"

दत्तारामांनी घरून ठरवून आणलं होतं. निलेशचं नाव घ्यायचं, न घाबरता घ्यायचं. त्याप्रमाणे त्यांनी घेतलं. जागा निलेशच्या फोनमुळे गेली, हे सिस्टरांनीच सांगितल्याचं सांगितलं.

गमरेबाईंनी कागद उलटला. "मग मशीन बिघडल्याचं कोणी सांगितलं? एकाच दिवशी सिस्टरांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या?"

वसुधा सिस्टरांनी तेव्हा मान वर केली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत चीड नव्हती. ती फक्त वाट बघत होती.

"मशीन कधीच बिघडलं नव्हतं," दत्ताराम म्हणाले. "ते मी सांगितलं. माझ्या बहिणीला आणि हिला."

"का?"

"आमच्या माणसाचं नाव खराब होऊ नये म्हणून."

"म्हणजे तुमची बहीण वारली त्याच्या महिनाभर आधीपासून तुम्हाला सगळं माहीत होतं."

"होय. अठ्ठावीस जूनपासून."

गमरेबाई लिहीत होत्या. त्यांचं लिहून होईपर्यंत दत्तारामांनी शेजारी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.

मानसी खाली, फाटकाजवळ उभी होती. पाऊस नव्हता, नुसतं कोंदट होतं. ते जवळ गेले तरी ती हलली नाही.

"आईला माहीत होतं?" तिने विचारलं.

"नाय."

"शेवटपर्यंत ती मला विचारायची, मशीन झालं असेल का गं दुरुस्त. मी म्हणायची, मामा बघतोय ना. तू सांगितलं असतंस ना मामा, तर मी भांडले असते. जागा मिळाली नसती कदाचित. पण मी भांडले तरी असते."

दत्तारामांना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. हात उचलला गेला नाही. ती रिक्षाला हात करून निघून गेली.

चौकशीचा निकाल चार महिन्यांनी लागला. वसुधा सिस्टर कामावर परत आल्या. निलेशला लेखी समज मिळाली. दुसऱ्या दिवशी त्याच्या माणसांनी पेढे वाटले, आणि मधुकरच्या माणसांनी काळ्या फिती लावल्या. ती बातमी दत्तारामांना दूध आणताना कोणीतरी सांगितली. ते बरं म्हणाले आणि पुढे गेले.

मानसीने घाटकोपरला एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. महिन्यातून एकदा दत्ताराम तिला फोन करतात. ती उचलते. "जेवलास का?" एवढं विचारते. ते हो म्हणतात. मग दोघंही थोडा वेळ काही न बोलता फोन धरून असतात.